चावलं नाही की मानूस चावळते

पुंजाजीच्या गोठ्याला आग लागली तेव्हा तो आधी फुटाणे चावत बसला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो, ऐकीव नाही.

उन्हाळ्याची दुपार होती. गोठ्याला लागून कडब्याची गंजी. तिच्यातून धूर निघाला आणि पाहता पाहता जाळ झाला. आमची अख्खी आळी गोळा झाली. कोणी बादली घेऊन पळत होतं, कोणी नुसतंच पळत होतं. मी आमच्या मधल्या भिंतीवरून ओरडलो, "अबे पुंजाजी, ऊठ ना बे! आग लागली!" तो ओट्यावर बसलेला. त्यानं आगीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, बंडीच्या खिशात हात घातला, चिमूटभर फुटाणे काढले आणि तोंडात टाकले. मग डोळे मिटून कुडुम कुडुम, कुडुम कुडुम.

राजेहो, माणसाचा गोठा जळतोय आणि माणूस चावतोय! बायका ओरडायच्या थांबून त्याच्याकडं पाहायला लागल्या.

चावून झालं तसा तो उठला. गंजीकडं गेलाच नाही. गोठ्याच्या मागच्या अंगाला गेला, तिथला पत्रा लाथेनं पाडला आणि आतली म्हैस सोडून बाहेर आणली. आम्ही इतकी माणसं कडब्यावर पाणी ओतत होतो, आत म्हैस बांधलेली आहे हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. म्हशीचं दावं माझ्या हातात देत तो म्हणाला, "पाह्यलं जगदेव? चावलं नाही की मानूस चावळते."

"अन् तुह्यं चावनं होईपावतर म्हैस भाजली असती तं?"

"भाजली असती. पन आठवली तं असती!"

आता याला काय म्हणावं?

आमच्याकडं चावळणं म्हणजे बरळणं. माणूस तापात चावळतो, दारूत चावळतो आणि निवडणुकीत तर उभं गाव चावळतं. पुंजाजीचं म्हणणं असं की ही सगळी दाढ बंद असल्याची लक्षणं आहेत. दाढ चालली की डोकं चालतं, दाढ थांबली की डोकं थांबतं आणि जीभ एकटीच पळत सुटते. जात्याचा खुंटा फिरला नाही तर पीठ कुठून पडणार, असं तो विचारायचा. कोणी काहीही विचारलं, "पुंजाजी, कुठं चाल्ला?" इतकं साधं जरी विचारलं, तरी तो आधी फुटाणा तोंडात टाकायचा. विचारणारा एसटीत बसून बुलडाण्याला पोचायचा तेव्हा याचं उत्तर तयार व्हायचं.

मी जगदेव गवंडी. देऊळघाटात निम्म्या भिंती माझ्या हातच्या आहेत आणि त्यातली एकही वाकलेली नाही. मीही वाकलेलो नाही. शाळा तिसरीपर्यंत, तीसुद्धा गुरुजींच्या घराला वाळू चाळून देण्यात गेली. हे लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ माझ्या नातीनं नीट केलं आहे. पण माणसांच्या तोंडची बोली तशीच ठेव, तिला इस्त्री मारू नको, असं मी तिला बजावलं आहे.

पुंजाजीच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. तीही मीच बांधलेली. तो मलकापूरला कापसाच्या जिनात मशिनीवर होता. सुट्टीच्या दिवशी गावात यायचा तेव्हा त्याच्या भुवयांतसुद्धा कापूस असायचा. त्या मशिनीच्या घरघरीनं त्याचे कान खाल्ले. पूर्ण बहिरा नाही. शब्दाचं डोकं ऐकू यायचं, शेपूट गळून पडायचं. आणि तिथंच त्याला हे फुटाण्यांचं लागलं. एका जोडीदाराला मशिनीवर डुलकी आली आणि त्याचा हात पट्ट्यात गेला. पुंजाजी शेजारीच उभा होता. त्या दिवसापासून त्यानं तोंड रिकामं ठेवलं नाही. "तोंडात फुटाना असला की डोळा लागत नाही," म्हणायचा. "अन् काळीज धडधडत असलं तं दाढेखाली दाबून टाकाचं."

ही धडधड दाबायची गोष्ट त्यानं दुसऱ्यांवरही लागू केली. एकदा दोन सख्खे भाऊ शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून भांडत होते. एकानं कुऱ्हाड काढली, दुसऱ्यानं आईच्या नावानं सुरुवात केली. दोघांची आई एकच, हे त्याच्या ध्यानात नव्हतं. पुंजाजी दोघांच्या मधोमध गेला. मला वाटलं, मेला हा. त्यानं काय करावं? दोघांच्याही तोंडात मूठ मूठ फुटाणे कोंबले! "आंधी चावा, मंग काटा एकमेकाले. मी कोठी जाऊन नाही राह्यलो, येथीच हावो."

आता तोंडात मूठभर फुटाणे असल्यावर शिवी निघेल कशी? थुंकावं तर अन्न. दोघंही कुऱ्हाड धरून, डोळे वटारून चावत उभे राहिले. पाच-पन्नास माणसं ते पाहत होती. चावता चावता थोरल्याला हसू फुटलं, आणि त्याचा चुरा धाकट्याच्या तोंडावर उडाला. धाकटाही हसला. भांडण मिटलं असं मी म्हणत नाही, ते अजून चालू आहे. पण कुऱ्हाड घरी गेली. 

माझ्या नातीच्या दहावीच्या वेळी मात्र त्यानं आमचं नाक कापायचंच बाकी ठेवलं होतं. गणिताचा पेपर. पोरगी आधीच घामाघूम. हा परीक्षेच्या शाळेच्या फाटकाशी उभा, आणि आत जाणाऱ्या प्रत्येक पोट्ट्याच्या हातात फुटाण्याची पुडी. "चावत चावत लिहा रे. गनित दाढेतून उतरते." पोलीस शिपायानं त्याला धरलं. पुडी उघडली, फुटाणे ओतले, कागद पाहिला आणि शिट्टीच वाजवली. पुडीचा कागद म्हणजे जुन्या गाइडाचं पान होतं, आणि त्यावर सोडवलेली गणितं!

मला निरोप आला तेव्हा मी कोणाच्या तरी घराच्या पायाचा दगड बसवत होतो. तसाच चिखलाच्या हातानं धावलो. पाहतो तर पुंजाजी खुर्चीत, समोर हवालदार, आणि दोघंही चावत आहेत. कागद भूगोलाच्या गाइडाचा निघाला असता तर हा सुटला असता, असं हवालदार मला समजावून सांगत होता. शेवटी फुटाणेवाल्या दुकानदाराची रद्दी आणून दाखवली तेव्हा सोडलं.

पोरगी पास झाली. मला वाटतं अभ्यासानं झाली. पुंजाजीनं आळीत पेढे वाटले, आणि पेढ्यावर एकेक फुटाणा ठेवला होता.

आमचं दोघांचं खरं भांडण होतं ते माझ्या तोंडावरून. माझ्या तोंडात एकही दात नाही. एक एक करून गेले, मी कोणालाही थांबवलं नाही. पोरानं हौसेनं कवळी करून आणली. मी ती एकदा घातली, आरशात पाहिलं, आत एक अनोळखी माणूस हसत होता. काढून डब्यात ठेवली आणि सांगितलं, जगदेव गवंडी दुसऱ्याच्या दातानं खाणार नाही. मी भाकर वरणात भिजवतो, हिरड्यांवर घोळवतो आणि गिळतो. आणि तरीही भिंतीचा ओळंबा एका नजरेत सांगतो.

म्हणून मी पुंजाजीला म्हणायचो, "माह्या तोंडात दाढ नाही, दात नाही. माह्यं डोकं बंद पडलं काय बे?"

तो फुटाणा चावून सावकाश म्हणायचा, "म्हनूनच तं तू असा हेकट हायेस. जुन्याच इचारावर चालून राह्यला. नवा इचार दळाले तुह्याजोळ जातंच नाही."

इतक्या वर्षांत त्याला उलटं पाडणारा एक शब्द मला सापडला नव्हता.

मग गोदावहिनींचं विसरणं सुरू झालं.

गोदावहिनी म्हणजे पुंजाजीची बायको. गावात कोण कोणाचं कोण लागतं, कोणाच्या लग्नात वांग्याची भाजी खारट झाली होती, सगळं तिच्या जिभेवर. आणि पुंजाजीचे कान म्हणजे तीच. कोणी काही बोललं की ती त्याच्या कानाशी वाकून मोठ्यानं सांगायची, आणि सांगताना दोन शब्द आपल्या पदरचे घालायची. ती बाई आधी चुलीवर दूध ठेवून विसरली, मग चूल विसरली. मग नवऱ्यालाच विसरली. त्याला 'पाव्हणे' म्हणायला लागली. "पाव्हन्याइले चहा द्या न कोनी," म्हणायची, आणि पुंजाजी गुपचूप उठून चहा करायचा आणि पाहुण्यासारखा बसून प्यायचा.

तो तिला बुलडाण्याला मोठ्या डॉक्टरकडं घेऊन गेला. परत आला तो तोंडावर तेज घेऊन. भिंतीवरून मला हाक मारली.

"जगदेव! मोठ्या डॉक्टरानं पह्यलाच सवाल काय केला, सांग?"

"काय केला?"

"म्हने, बाई चावते का? आता बोल! येवढा शिकेल मानूस, पन आंधी दाढच इचारली. मी सांगतलं, नाही साहेब, नुसती गिळते. त्यानं मुंडी हालवली. म्हनजे तेथीच बिघाड हाये. तिले चावाले लावतो आता. समदं आठवन तिले."

त्या दिवसापासून आमच्या भिंतीपलीकडून दोन्ही जेवणांच्या वेळी आवाज यायला लागला. कुडुम कुडुम. कुडुम कुडुम. मधूनच पुंजाजीचा दरडावता आवाज, "चाव! चाव न वं! पाह्य माह्याकडं!"

अरे, त्या बाईला आपलं नाव आठवत नाही, घास खाली उतरत नाही, आणि हा तिला फुटाणे चारतो? मी भिंतीशी जाऊन म्हणालो, "पुंजाजी, घशात अटकन एखांदा. म्हातारी मरन. कायले जीव खातं तिचा?"

तो म्हणाला, "तुले दात नाहीत, तू याच्यात बोलू नको."

मी त्याच्याशी शब्द बंद केला. माझा शब्द बंद झाला की तो पक्क्या सिमेंटचा असतो. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तिळगूळ भिंतीवर ठेवला गेला आणि मुंग्यांनी नेला. पण कान कोणाच्या हातात आहेत? जेवताना ते कुडुम कुडुम ऐकू यायचं आणि माझा घास हिरडीवरच राहायचा. 

एका सकाळी आवाज आला नाही. त्याऐवजी त्याच्या पोराचा, विलासचा आवाज आला. विलास पुण्याला असतो. आदल्या दिवशी आला होता. तो मोठ्यानं सांगत होता, "बाबा, आईनं कालपासून घास गिळला नाही. असं चालणार नाही. मी तिला पुण्याला नेतो. तिथं नाकातून नळी टाकतात, पोट तरी भरेल."

"नाकातून जेवते का कोनी?" पुंजाजी ओरडला. पण शब्द असे आले की जणू तोंडात चिंधी कोंबली आहे.

शब्द बंद होता, पाय बंद नव्हते. मी गेलो.

आत पाहिलं आणि दारातच उभा राहिलो. पुंजाजीचा डावा गाल कवठासारखा सुजलेला. डोक्यावरून हनुवटीखाली दुपट्टा बांधलेला. समोर गोदावहिनी. तिच्या ताटलीत दुधात कुस्करलेली मऊ भाकर. फुटाणे तिच्या ताटलीत नव्हतेच! फुटाणे पुंजाजीच्या मुठीत होते.

मला पाहून त्यानं बोटानं 'बस' अशी खूण केली. दुपट्टा सोडला, वहिनीच्या तोंडात भाकरीचा मऊ घास दिला. तिनं तो गालात तसाच धरून ठेवला, लहान पोरं औषध धरतात तसा. मग त्यानं एक फुटाणा आपल्या दाढेखाली घेतला. डोळे घट्ट मिटले आणि चावला. कुडुम. त्याच्या डोळ्यातून पाणी आलं. पण त्या आवाजासरशी वहिनीनं मान वर केली. त्याच्या तोंडाकडं पाहत तिचा जबडा हलला. एकदा, परत एकदा. तो चावेल तशी ती चावत होती. घास उतरला. दुसऱ्या घासाला त्याच्यानं चाववेना. तो ठसठसत्या गालावर हात दाबून बसला, आणि वहिनीचा घास गालातच राहिला.

"ती चावनं इसरली जगदेव," तो म्हणाला. "भूक लागते, घास घेते, पन पुढं काय कराचं ते इसरते. मी चावलो की आठवते तिले."

मी चुकलो असं मी म्हणत नाही. भिंतीपलीकडून ते तसंच ऐकू येत होतं. पण मी खाली बसलो.

विलास म्हणाला, "काका, तुम्हीच सांगा यांना. दाढेत पू झालाय, काढायला तयार नाहीत."

"काऊन बे?" मी विचारलं.

"दुसऱ्या बाजूच्या कवाच गेल्या. ही येकच जोडी हाये आवाज करनारी. ते काढली तं हे जेवन कशी?"

मग मी माझं नेहमीचं हत्यार काढलं. "ठेव दाढ. पू डोक्यात चढन, तू मरशीन. मंग दाढ काय एकटी बसन वहिनीसमोर?"

त्यानं खिशात हात घातला, फुटाणा काढला, पाहिला आणि परत ठेवला. चावल्याशिवाय उत्तर दिल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. म्हणाला, "चाल मंग."

आम्ही सगळे बुलडाण्याला गेलो. आधी वहिनीला मोठ्या डॉक्टरला दाखवायचं, मग पुंजाजीला दातवाल्याकडं. विलास चिठ्ठी काढायला बाहेर थांबला, मी आत गेलो. डॉक्टर आमच्याच भागातला, बोलायला गोड. त्यानं वहिनीची नाडी पाहिली आणि पुंजाजीला विचारलं, "आता कसं आहे बाबा? आजी चावळतात का?"

मी नीट ऐकलं. माझे कान शाबूत आहेत. चावळतात का. बरळतात का.

पुंजाजीचा सुजलेला चेहरा उजळला. "हाव साहेब! दोन्ही टाइम!"

"दोन्ही टाइम? किती वेळ?"

"जेवन होईपावतर. मी समोर बसून करून घेतो न!"

डॉक्टरनं पेन खाली ठेवला. "तुम्ही करून घेता?"

"मंग? पह्यले मी करतो, मंग माह्यं पाहून हे करते. नाही केलं तं दरडावतो. तुमीच तं सांगतलं होतं साहेब!"

डॉक्टर माझ्याकडं पाहायला लागला. मी भिंतीवरच्या पंख्याकडं पाहायला लागलो. माझ्या कानात नुसतं सूं होत होतं. राजेहो, हा सगळा कारखाना एका गळून पडलेल्या अक्षरावर चालू होता! पहिल्या खेपेलाही डॉक्टरनं हेच विचारलं असणार. यानं 'चाव' इतकं शब्दाचं डोकं ऐकलं, 'ळ'पासूनचं शेपूट गळालं. इतकी वर्षं त्याच्या कानाशी वाकून शब्द पुरा करणारी बाई शेजारीच बसली होती, पण नेमकी त्या दिवशी तिला सांगता आलं नाही.

आणि मला काय सापडलं होतं बघा. जन्मभर शोधत होतो तो शब्द. एका वाक्यात पुंजाजी आडवा झाला असता.

त्याला वहिनीसोबत बाहेर बसवून मी डॉक्टरकडं परत गेलो आणि काय झालं ते सांगितलं. डॉक्टर आधी खूप हसला. मग हसायचा थांबला. "म्हणजे हे रोज समोर बसून तिला चावायला लावतात?"

"रोज. दाढेत पू झाला तरी."

त्यानं पेन परत उचलला. मग म्हणाला, "काका, गेलेली आठवण चावल्यानं परत येत नाही. ते खोटं मी सांगणार नाही. पण चावत राहिलं की डोकं थोडं जागं राहतं, जीवाची घालमेल कमी होते, हे काही चूक नाही. त्यांना सांगू नका काही. घास मऊच द्या, लहान द्या, बसवून द्या, घाई करू नका. तोंडानं खातात तोवर मी नळीचं नाव काढणार नाही. खाणं थांबलं तर मग विचार करू." विलासलाही आत बोलावून त्यानं हेच सांगितलं. विलास म्हणाला, "दोन दिवस पाहतो. नाही खाल्लं तर नेतो."

पुंजाजीची दाढ निघाली. एक काढायची होती, तिच्या जोडीचीही हलत होती, तीही गेली. तोंडात कापूस कोंबून दातवाल्यानं सांगितलं, बोलायचं नाही, चावायचं नाही. जन्मभर जिनात कापूस अंगावर घेतला, आता तोंडात आला.

दिवेलागणीला मी त्यांच्याकडंच होतो. विलासनं भाकर कुस्करली, वहिनीला घास दिला. तिनं गालात धरला आणि समोर पाहिलं. समोर पुंजाजी. कापसाचं तोंड. त्यानं जबडा हलवला. आवाज नाही. अजून मोठा हलवला, कळ मस्तकात गेली असेल, तरी हलवला. वहिनी नुसती पाहत राहिली. तिला दिसण्याशी काही घेणं नव्हतं, तिला तो कुडुम पाहिजे होता. विलासनं पितळीत फुटाणे वाजवून पाहिले. त्याचे दात पक्के होते, त्यानं चावूनही पाहिलं. पण तो भराभर चावायचा, पुण्याला डबा खातात तसा. ती बावरली, तिनं तोंड फिरवलं. 

विलास खाली मान घालून म्हणाला, "बाबा, आता..."

पुंजाजीनं माझ्याकडं पाहिलं. बोलता येत नव्हतं म्हणून बरं, नाहीतर माझ्यानं ते ऐकवलं नसतं.

पुंजाजीची चाल मला माहीत होती. थांबून थांबून, जोडीनं. भिंतीआडून किती जेवणं ऐकली होती. मी एक फुटाणा घेतला, हिरड्यांत धरला. तो नुसता या गालातून त्या गालात घसरत राहिला.

मी उठलो, घरी गेलो आणि फळीवरचा डबा काढला. सून चुलीपुढून पाहत होती. "मामाजी, कोनाचं लगन हाये का?" म्हणाली. मी डबा उघडला. कवळी धुतली आणि घातली. नव्या जोड्यासारखी ती मलाच चावली. सुनेच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. 

परत जाऊन पुंजाजीच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून बसलो. विलासनं नवा घास दिला. मी फुटाणा त्या परक्या दाताखाली ठेवला आणि डोळे मिटले. कुडुम कुडुम. थांबलो. कुडुम कुडुम.

मग विलासचा श्वास ऐकू आला. डोळे उघडले तर वहिनीचा जबडा हलत होता. घास उतरला. दुसरा उतरला. तिसऱ्याला तिनं चावता चावता मान वळवली आणि माझ्या शेजारी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ताटली हातानं पुढं सरकवत म्हणाली,

"आमच्या घरच्याइले द्या न आंधी. याहिचं तोंड कधी रिकामं नसते."

कित्येक महिन्यांत 'पाव्हणे' सोडून तिनं त्याला काही म्हटलं नव्हतं. पुंजाजीला ऐकू आलं की नाही मला कळेना. मी त्याच्या कानाशी वाकलो आणि मोठ्यानं सांगितलं, शब्दाला शब्द, शेपटासकट. 

त्यानं कापसाचं तोंड भिंतीकडं फिरवलं.

आता दोन्ही जेवणं मी तिकडंच करतो. पुंजाजीच्या हिरड्या भरून आल्या आहेत, बोलायलाही लागला आहे. वहिनी परत 'पाव्हणे' म्हणते. आता तिच्या घरी दोन पाहुणे असतात. विलास पुण्याला गेला, एकटा. 

परवा सकाळी ओट्यावर बसलो होतो. पुंजाजीनं माझ्या तोंडाकडं, त्या कवळीकडं निरखून पाहिलं आणि म्हणाला, "काय बे जगदेव, येवढा मोठा डॉक्टर. त्यानं पह्यलाच सवाल काय केला होता? बाई चावते का! आता तरी पटलं का तुले?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. एका अक्षराचं.

मी त्याच्या खिशात हात घातला, चिमूटभर फुटाणे काढले, तोंडात टाकले आणि डोळे मिटून चावत बसलो.